मेलपेटी आपली, वाट भाड्याची : घरच्या मेल सर्व्हरवरून मेल बाहेर का जात नाहीत आणि काय करावे

१८ फेब्रुवारीच्या रात्री मी आमच्या घरच्या मेल सर्व्हरवरून १४० जणांना एकेक करून निमंत्रण पाठवले. विषय कसबे तडवळ्याचा होता. १९४१ साली २२ आणि २३ फेब्रुवारीला तिथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः तिला हजर राहिले, हे धाराशिव जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. २२ तारखेला तरुणांना तिथे घेऊन जायचे, दिवसभर बसून वतनाचा प्रश्न समजून घ्यायचा, असा आम्हा पाच-सहा मित्रांचा बेत होता.

मेल पाठवताना पडद्यावर कुठलीही चूक दिसली नाही. 'पाठवलेले' या कप्प्यात सगळे १४० मेल व्यवस्थित दिसत होते. २२ तारखेला तडवळ्याला आम्ही नऊ जण जमलो. उरलेल्यांना उत्साह नाही, असे आम्ही एकमेकांना सांगितले. २३ तारखेच्या रात्री माझ्या मेलपेटीत परत आलेले मेल एकापाठोपाठ एक पडू लागले. मोजले तर बरोबर १४०. एकही निमंत्रण घराबाहेर पडलेच नव्हते.

ही चूक माझी होती. ती का झाली आणि कशी सुटली, हे या लेखात सविस्तर सांगतो. आपल्यातले बरेच तरुण आता संगणक शिकलेले आहेत, विहाराचे, अभ्यासिकेचे, मंडळाचे काम ऑनलाइन करतात. त्यांना हा खड्डा आधीच माहीत असावा.

मुळात घरी सर्व्हर कशासाठी?

त्याआधीची दोन वर्षे आमचा सगळा पत्रव्यवहार एका मोफत मेल खात्यातून चालायचा. खाते एका मित्राच्या नावावर होते. स्वाधार योजनेचे अर्ज, महाडीबीटीवर अडकलेल्या शिष्यवृत्तीच्या तक्रारी, बार्टीकडे केलेली विचारणा, माहिती अधिकारात आलेली उत्तरे, सगळे त्यातच. मित्राने मोबाइल नंबर बदलला. काही महिन्यांनी खाते नव्या फोनवर उघडताना खात्री करण्याचा कोड जुन्या नंबरवर गेला. तो नंबर तोवर दुसऱ्याचा झाला होता. खाते कायमचे बंद झाले. दाद मागायला ना कार्यालय, ना खिडकी, ना माणूस.

माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे आणि पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करायला हवे. कुठला मेल कोणत्या तारखेला गेला, कोणत्या तारखेला उत्तर आले, हा अशा वेळी पुरावा असतो. तो पुरावाच आमच्या हातातून गेला. म्हणून ठरवले की नाव आपले असावे, पेटी आपली असावी आणि जुने मेल आपल्या डिस्कवर असावेत.

त्यासाठी फार काही लागत नाही. एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे आपले नाव, जे वर्षाच्या भाड्याने मिळते. एक जुना लॅपटॉप, ज्याची बॅटरी तासभर तरी टिकते. त्यावर लिनक्स. मेल घेण्या-देण्यासाठी पोस्टफिक्स आणि फोनवर मेल वाचता यावेत म्हणून डव्हकॉट. दोन्ही मोफत आणि खुल्या स्रोताचे आहेत. पोस्टफिक्स हे वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिले आणि १९९८ साली सर्वांसाठी खुले केले. आजही जगभरातले असंख्य सर्व्हर त्यावर चालतात.

येणारा मेल सोपा आहे

कुणी आपल्याला मेल पाठवला की त्याचा सर्व्हर आधी डीएनएसला विचारतो, या डोमेनचे मेल कुठे द्यायचे? त्याचे उत्तर एमएक्स नावाच्या नोंदीत असते. तिथे आपल्या सर्व्हरचे नाव असते, त्या नावावरून आयपी पत्ता मिळतो, आणि मेल आपल्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर येतो.

यात एक अडचण तपासून घ्यावी लागते. अनेक कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता शेकडो घरांना वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर 'वॅन' समोरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर समजा की बाहेरून तुमच्या घरापर्यंत थेट कुणी येऊ शकत नाही. अशा वेळी कंपनीकडे स्थिर आयपी मागावा लागतो. त्याचे वेगळे पैसे लागतात. ते शक्य नसेल तर कुठल्या तरी डेटा सेंटरमधला छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा टाकता येतो.

भारनियमनाची भीती मात्र बाळगू नका. आपल्याकडे वीज गेली, सर्व्हर दोन तास बंद राहिला, तरी येणारा मेल हरवत नाही. मेलच्या नियमांतच आहे की समोरचा सर्व्हर मिळाला नाही तर पाठवणाऱ्याने मेल रांगेत ठेवावा आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. हे प्रयत्न साधारण चार-पाच दिवस चालतात. वीज आली की थांबलेले मेल आपोआप येतात.

आणि हाच चांगला नियम जाणाऱ्या मेलच्या बाबतीत माझ्या मुळावर आला.

पहिली भिंत : बंद दरवाजा

निमंत्रणे पाठवल्यावर माझ्या पोस्टफिक्सने समोरच्या सर्व्हरशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलण्याचा प्रयत्न केला. उत्तर आले नाही. त्याने मेल रांगेत ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा शांतता. पोस्टफिक्स मूळ मांडणीत पाच दिवस असा प्रयत्न करतो आणि मगच मेल परत करतो. मधल्या काळात 'तुमचा मेल अजून गेलेला नाही' अशी सूचना देण्याची सोय त्यात आहे, पण ती मूळ मांडणीत बंद असते. म्हणून १८ तारखेला पाठवलेल्या मेलचे अपयश मला २३ तारखेला कळले.

यावरून पहिला धडा : सर्व्हर सुरू केला की 'डिले वॉर्निंग टाइम' ही सेटिंग चार तासांवर ठेवा. आणि महत्त्वाचा मेल पाठवल्यावर 'मेलक्यू' हा आदेश देऊन रांग बघण्याची सवय लावा. रांग रिकामी असेल तर मेल घराबाहेर पडला. रांगेत मेल असेल तर त्याच्याखालीच कारण लिहिलेले असते. माझ्या रांगेत १४० वेळा एकच वाक्य होते, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. मी ते पाच दिवस वाचलेच नाही.

याचा अर्थ असा की आपल्या इंटरनेट कंपनीने २५ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर जाणारी वाट बंद केलेली आहे. खात्री करायची असेल तर टेलनेटने कुठल्याही मोठ्या मेल सेवेच्या एमएक्स सर्व्हरशी २५ वर जोडणी करून बघा, मग तशाच एखाद्या सेवेच्या ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर बघा. २५ वर काहीच होत नाही आणि ५८७ लगेच उत्तर देतो, असे दिसले तर दोष तुमच्या सर्व्हरचा नाही.

कंपन्या असे का करतात? २००३ च्या ऑगस्टमध्ये 'सोबिग' नावाच्या विषाणूचा मोठा फैलाव झाला. तो घराघरांतल्या संगणकांत शिरला आणि मालकांना पत्ता न लागता त्यांच्याच संगणकांवरून कचरा-मेलचा पूर आला. त्या काळापासून घरगुती जोडण्यांवर २५ चा दरवाजा बंद ठेवण्याची रीत जगभर वाढत गेली. नियम जाच वाटला तरी त्यामागे कारण आहे.

दुसरी भिंत : पत्ता बघून नकार

मी स्थिर आयपी घेतला, कंपनीला अर्ज करून पोर्ट उघडून घेतला. आता मेल बाहेर जायला लागले, पण लगेच परत यायला लागले. आता कारण वेगळे होते. ५५० हा आकडा आणि पुढे मजकूर, की तुमचा आयपी पत्ता स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत आहे.

मी तर त्या पत्त्यावरून आजवर एकही मेल यशस्वीपणे पाठवला नव्हता. मग काळ्या यादीत कसा?

इथे नीट समजून घेण्यासारखे आहे. पीबीएल ही गुन्हेगारांची यादी नाही. ती घरगुती जोडण्यांना दिलेल्या पत्त्यांच्या गटांची यादी आहे. बऱ्याचदा इंटरनेट कंपन्या स्वतःच आपले गट त्यात नोंदवतात. ती यादी एवढेच म्हणते की या गल्लीतून थेट मेल येण्याचे कारण नाही. तुम्ही काय लिहिले, कुणाला लिहिले, आजवर कसे वागलात, हे ती बघत नाही. गल्ली बघते.

भाड्याची खोली शोधताना गाव, आडनाव आणि वस्ती विचारून दार लावून घेतलेले आपल्यातल्या अनेकांनी अनुभवले आहे. त्यामुळे ५५० चा तो मजकूर वाचताना मला राग आला, हे लपवत नाही. पण ही तुलना फार ताणू नये. आयपी पत्त्याला जन्म नसतो, तो बदलता येतो. आणि या व्यवस्थेत कर्मावरून ओळख सिद्ध करण्याची एक वाट ठेवलेली आहे. ती पुढे सांगतो.

याच भिंतीचा दुसरा भाग म्हणजे पीटीआर नोंद. नावावरून पत्ता सांगणारी नोंद आपण आपल्या डोमेनच्या पानावर करतो. पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद मात्र त्या पत्त्याच्या मालकाच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या हातात असते. मोठ्या मेल सेवा ती तपासतात. तिथे आपल्या सर्व्हरच्या नावाऐवजी कंपनीने दिलेले आकड्यांचे नाव असेल किंवा काहीच नसेल, तर मेल नाकारला जातो किंवा स्पॅममध्ये पडतो. मी ती नोंद बदलून मागितली. फोन उचलणाऱ्या कुणालाच पीटीआर म्हणजे काय ते माहीत नव्हते. तीन आठवडे गेले, आणि मी तो नाद सोडला.

उपाय : रिले

आपल्या तेरचे उदाहरण घेऊ. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिले आहे की पैठण आणि तगरचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेला जाई. तगरचे कापडही त्यात असे. तगरला समुद्र नव्हता, तरी तगरच्या लोकांनी व्यापार केला. बंदर दुसरीकडचे वापरले.

मेलमध्ये या बंदराला रिले किंवा स्मार्टहोस्ट म्हणतात. आपला सर्व्हर जगभरच्या सर्व्हरशी स्वतः बोलायला जात नाही. तो सगळे जाणारे मेल एका भरवशाच्या सर्व्हरकडे देतो आणि तो ते पुढे पोहोचवतो. आपल्या घरापासून रिलेपर्यंतची जोडणी ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या पोर्टवरून, नाव आणि पासवर्ड देऊन, कूटबद्ध होते. हे पोर्ट सहसा कुणी बंद करत नाही. समोरच्याला दिसतो तो रिलेचा पत्ता, आपल्या गल्लीचा नाही.

रिले कुठून मिळतो? चार वाटा आहेत.

एक, आपली इंटरनेट कंपनी स्वतःचा रिले देत असेल तर तो. विचारून बघा, पण तो आपल्या डोमेनचे मेल घेतो का हेही विचारा.

दोन, जिथून डोमेन घेतले त्या कंपनीची मेल सेवा.

तीन, मेल पोहोचवण्याचा धंदाच करणाऱ्या सेवा. ॲमेझॉनची एसईएस मुंबईतूनही चालते, झोहोची झेप्टोमेल आहे, आणखीही आहेत. मंडळाच्या थोड्याशा मेलसाठी खर्च किरकोळ येतो.

चार, स्वतःचा भाड्याचा छोटा सर्व्हर डेटा सेंटरमध्ये घेऊन तोच रिले करणे. यात पीटीआर आपल्या हातात येते. पण घेण्याआधी विचारा, कारण तिथेही काही कंपन्या २५ चा पोर्ट सुरुवातीला बंद ठेवतात.

मोफत जीमेल खाते रिले म्हणून वापरता येते, त्यासाठी ॲप पासवर्ड काढावा लागतो. पण दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, आणि आपला पत्ता त्या खात्यात आधी नोंदवला नसेल तर पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचाच पत्ता दिसतो. चार दिवसांची सोय म्हणून ठीक.

पोस्टफिक्समध्ये करायचे काम अर्ध्या तासाचे आहे. मुख्य मांडणीच्या फाइलमध्ये 'रिलेहोस्ट' या ओळीत रिलेचे नाव चौकटी कंसात लिहा आणि पुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन ५८७. कंस विसरू नका. कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद शोधायला जातो आणि भलतीकडे पोहोचतो. नंतर नाव आणि पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ती फक्त रूट वापरकर्त्यालाच वाचता येईल असे करा, 'पोस्टमॅप' आदेशाने तिचा तक्ता बनवा. सासल ओळखपडताळणी चालू करा. टीएलएसची पातळी 'एन्क्रिप्ट' ठेवा, म्हणजे पासवर्ड कधीच उघडा जाणार नाही. पोस्टफिक्स पुन्हा वाचायला लावा आणि रांग ढकला.

तरीही अडले तर

नोंदवहीत, म्हणजे मेल लॉगमध्ये, कारण लिहिलेले असते. नेहमी दिसणारी चार कारणे अशी.

आकडा ५३५ दिसला तर नाव किंवा पासवर्ड चुकला. अनेक सेवा नेहमीचा पासवर्ड घेत नाहीत, रिलेसाठी वेगळा देतात.

'सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड' दिसले तर रिलेकडे आपले डोमेन अजून सिद्ध केलेले नाही. त्यांनी दिलेली नोंद डीएनएसमध्ये घालावी लागते.

'रिले ॲक्सेस डिनाइड' दिसले तर बहुतेक वेळा हा नकार आपल्याच सर्व्हरचा असतो. कुणीतरी बाहेरून फोनवरून, लॉगिन न करता, २५ वरून मेल पाठवू पाहतो आहे. फोनमध्ये पाठवण्याचा पोर्ट ५८७ करा आणि लॉगिन चालू करा.

इथे एक कळकळीची सूचना. हा नकार टाळण्यासाठी काही जण 'मायनेटवर्क्स' या सेटिंगमध्ये सगळ्या जगाला परवानगी देऊन टाकतात. असे कधीही करू नका. तुमचा सर्व्हर खुला रिले होतो, काही तासांत कचरा-मेल पाठवणारे त्याला शोधून काढतात, आणि मग तुमचे नाव खरोखरच गुन्हेगारांच्या यादीत जाते.

चौथे कारण, मेल जातो पण स्पॅममध्ये पडतो. त्याचे उत्तर पुढच्या भागात.

ओळख वागणुकीवरून

रिलेने पत्त्याचा प्रश्न सुटतो. पण हा मेल खरोखर तुमच्या मंडळाचा आहे, हे कसे कळणार? त्यासाठी डीएनएसमध्ये तीन नोंदी लागतात.

एसपीएफ सांगते की आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. यात रिलेचे नाव घालायलाच हवे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असते. जुनी तशीच ठेवून दुसरी घातली तर दोन्ही बाद होतात.

डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवरची न दिसणारी सही. सहीची खासगी किल्ली सर्व्हरवर राहते, पडताळणीची उघडी किल्ली डीएनएसमध्ये. वाटेत कुणी मजकूर बदलला तर सही जुळत नाही.

डीमार्क सांगते की या दोन्ही कसोट्यांत न बसणाऱ्या मेलचे काय करावे. सुरुवातीला 'नन' ठेवा, महिनाभर अहवाल वाचा, सगळे सुरळीत असेल तर 'क्वारंटाइन' करा.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. लहान पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकिम, बरोबर पीटीआर आणि कूटबद्ध जोडणी लागते. शिवाय आपला मेल 'स्पॅम' म्हणून दाबणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचू देऊ नये, ०.१ टक्क्याच्या खाली असावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

म्हणजे हजार जणांना मेल गेला आणि तिघांनी वैतागून 'स्पॅम' दाबले, तर आपले नाव खराब होऊ लागते. १४ एप्रिल आला की कुठून तरी मिळालेल्या हजारो पत्त्यांवर शुभेच्छा पाठवायच्या, ही सवय आपल्याकडे आहे. ती सोडावी लागेल. ज्यांनी मागितले त्यांनाच पाठवा, आणि नको म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढा. आयपीच्या गल्लीवरून झालेला नकार रिले चुकवून देतो. डोमेनचे नाव मात्र आपल्याच वागण्यावर उभे राहते किंवा पडते. ही कसोटी मला न्याय्य वाटते.

छापखाना आणि टपाल

काही मित्र विचारतात, शेवटी भाड्याचा रिले घेतलाच, मग स्वतःच्या सर्व्हरचा अट्टाहास कशाला? पुन्हा परावलंबनच झाले ना?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये, 'जनता' १९३० मध्ये, 'प्रबुद्ध भारत' १९५६ मध्ये आले. बाबासाहेबांनी स्वतःचा छापखानाही उभा केला. पण अंक वर्गणीदारांपर्यंत पोहोचवायला त्यांनी वेगळे टपाल खाते काढले नाही. नाव, मजकूर, वर्गणीदारांची यादी, छपाई हातात ठेवली. वाहतूक सरकारी टपालाकडे दिली.

आपण तेच करायचे. डोमेन आपले, पेटी आपली, जुन्या मेलचा साठा आपला. उद्या रिलेवाल्याने खाते बंद केले तर आपण 'रिलेहोस्ट'ची ओळ आणि एसपीएफची नोंद बदलतो, आणि बहुधा त्याच दिवशी दुसऱ्या वाटेने मेल सुरू होतात. एकही जुना मेल हरवत नाही. मित्राचे मोफत खाते बंद झाले तेव्हा मात्र नाव, पेटी आणि साठा, तिन्ही एका फटक्यात गेले होते. परावलंबन दोन्हीकडे आहे. एक बदलता येते, दुसरे येत नाही.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. रिलेच्या सर्व्हरवर आपला मजकूर वाचता येऊ शकतो, कारण कूटबद्धता फक्त वाटेवर असते. अत्याचाराच्या प्रकरणातल्या पीडितांची नावे, जबाब, वैद्यकीय कागद उघड्या मेलमध्ये पाठवू नका. पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. त्याहून बरे म्हणजे कागद हातोहात द्या.

एकट्याचे काम नको

सर्वात मोठा धोका तांत्रिक नाहीच. सर्व्हर एकाच्या घरी, पासवर्ड एकाच्या डोक्यात, आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला, की सगळे संपले. मोफत खात्याचे जे झाले तेच पुन्हा होणार. म्हणून किमान दोघांना सगळे येत असावे. पासवर्ड आणि डीकिमची किल्ली कागदावर लिहून बंद पाकिटात विहाराच्या कपाटात ठेवा. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख मंडळाच्या वहीत लिहा, कारण डोमेन सुटले तर ते दुसरा कुणीही घेऊ शकतो. साठ्याची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या घरातल्या डिस्कवर काढा. हे जमणार नसेल तर घरी सर्व्हर ठेवूच नका. स्वतःचे डोमेन घ्या, भाड्याच्या सेवेत पेटी ठेवा आणि साठ्याची प्रत आपल्याकडे उतरवत राहा. तेवढ्यानेही अर्धे काम होते.

सुरुवात करणाऱ्यांनी शेवटी एक चाचणी करावी. स्वतःच्या जीमेल खात्यावर एक मेल पाठवा, तो उघडून 'शो ओरिजिनल' बघा. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क, तिन्हींपुढे 'पास' आले पाहिजे. मग याहूच्या खात्यावर पाठवा, मग आउटलुकच्या. सगळीकडे इनबॉक्समध्ये पडला तरच लोकांना निमंत्रण पाठवा.

आणि निमंत्रण पाठवल्यावर तासाभराने रांग बघा. पुढच्या २२ फेब्रुवारीचे निमंत्रण मी २५ जानेवारीलाच पाठवणार आहे.